गच्चीवरचे दुधी गोळे

ऐंशी सालच्या आसपास वडिलांनी नाशिकला घर बांधलं. खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर मोकळी गच्ची. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. त्या गल्लीत बौद्धांचं घर आमचं एकटंच. त्यामुळे अंगणापासून खिडकीच्या पडद्यांपर्यंत कशालाही कुणी नाव ठेवू नये, अशी आईची धडपड असायची.

गच्चीवर दिवे कुठले लावायचे यावर मात्र घरात एकमत होईना. आईला ट्यूबलाइट हवी होती, संध्याकाळी वर बसून धान्य निवडता आलं असतं. वडिलांना पत्र्याची टोपी घातलेला साधा बल्ब चालणार होता. मी तेव्हा नववीत होते, आणि मला कठड्यावर दुधी काचेचे गोल दिवे हवे होते. जवळच्या वाचनालयाच्या अंगणात पूर्वी तसे होते. त्यांच्या उजेडात पायरीवर बसून मी नवं पुस्तक उघडायचे. पुढे तिथं रंगकाम निघालं आणि त्यांच्या जागी ट्यूबलाइट आल्या.

मेनरोडवरची दुकानं आम्ही पालथी घातली. तसले गोळे कुठं मिळाले नाहीत. मग एका बुधवारी वडील गोदाघाटावरच्या बाजारातून आले ते गोणपाटात गुंडाळलेले दोन गोळे घेऊनच. जुनेच होते, पण वरून ताजा पांढरा रंग दिलेला. मला आनंद मावेना. आईसुद्धा म्हणाली की शोभतील.

गृहप्रवेशाच्या दिवशी सकाळी परित्राणपाठ झाला. संध्याकाळी गल्लीतल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं, आणि आमच्याकडे तुमच्यासारखेच दिवे लावलेत हेही हौसेनं सांगितलं. दुपारी वायरमननं गोळे बसवले, पण तेव्हा नेमकी वीज गेलेली. पेटवून बघायचं राहूनच गेलं.

अंधारून आलं तशी गच्चीवर पंगत बसली. वडिलांनी बटण दाबलं. उजेड पडला आणि त्या उजेडात, पांढऱ्या रंगाच्या आतून, काळी अक्षरं उमटली. सार्वजनिक वाचनालयास सप्रेम भेट. एका गोळ्याची अक्षरं पंगतीकडे होती, दुसऱ्याची रस्त्याकडे.

प्रत्येकानं ती वाचली. वाचताना ओठ हलतात ते मला दिसत होतं. शेजारचे काका हसून म्हणाले, "हे तर वाचनालयाचे दिसतात."

"बाजारातून घेतलेत," वडील म्हणाले. "घाटावरच्या."

"हो, तिथं काहीही मिळतं. पावती घेतलीत ना?"

त्या बाजारात पावती कोण देतो? वडिलांनी विकणारा कसा दिसत होता ते सांगितलं, कुठे बसला होता ते सांगितलं, परत पहिल्यापासून सांगितलं. जितकं सांगत गेले तितकं ते खोटं वाटायला लागलं. मला वाटत होतं, त्यांनी आता गप्प बसावं. बाई पानावर मान घालून जेवत होत्या. आईनं खीर वाढता वाढता मधेच जाऊन बटण बंद केलं आणि जिन्यातल्या दिव्यावर पंगत उरकली. घर छान झालंय असं सगळे जाताना म्हणाले. कुणी वाईट शब्द काढला नाही.

सकाळी वडिलांनी गोळे उतरवले, चादरीत बांधले. मी सायकल धरून सोबत गेले. बाईंनी ते टेबलावर ठेवून घेतले. रंगकामाच्या वेळी ते नाहीसे झाले होते, एवढंच त्या म्हणाल्या.

वडील म्हणाले, "बाई, मी चोर नाही."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "काल सगळ्यांसमोर मी तेवढं बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही."

वडिलांनी मान हलवली, चादरीची घडी घातली आणि आम्ही निघालो. दिवे माझ्या हट्टापायी आले होते.

पुढे गल्लीत सगळे पहिल्यासारखेच वागले. तरी कुणाची बादली हरवली, दोरीवरचं धोतर उडालं, की आई आधी आमच्याच अंगणात, टाकीमागे शोधायची. गच्चीवर पत्र्याच्या टोपीचा बल्ब लागला. मी वाचनालयात जाणं टाळू लागले. गोळे तिथं कपाटावर ठेवलेले दारातूनच दिसायचे.

संक्रांतीला बाई आपण होऊन घरी आल्या, माझ्यासाठी दोन पुस्तकं घेऊन. आईनं त्यांना उन्हात गच्चीवर सतरंजी घालून बसवलं. तिळगूळ झाला, चहा झाला. त्यांनी वडिलांची चौकशी केली, तेव्हा आई म्हणाली, कामात आहेत. वडील खालच्या खोलीत नुसते बसून होते. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "तू जा वर. मी आलोच."

ते आले नाहीत.