डाव्या दारावरचा रंग

माझी सवत बाटलीहिरव्या रंगाची होती. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये, बदामाच्या झाडाखाली ती उभी असायची. बरीच वर्षं वाट पाहून ह्यांचा नंबर लागला आणि फियाट घरी आली, तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. पेढे मीच वाटले. स्वतःच्या हातानं सवतीचे पेढे वाटणारी बाई मुलुंडात तरी दुसरी नसेल.

आठवडाभर विक्रोळीच्या कारखान्यात राबणारा नवरा रविवारी तरी आपल्या वाट्याला यावा, एवढीच माझी अपेक्षा. पण रविवार तिचा. आंघोळीआधीच हे खाली उतरायचे. मी गॅलरीतून हाक मारायचे, "अहो, चहा निवतोय!" खालून उत्तर यायचं, "आलोच." हे आलोच जेवणापर्यंत चालायचं. मूलबाळ आम्हाला झालं नाही, त्यामुळे घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं. नवरा हाकेच्या अंतरावर असताना मी एकटी बसून चहा प्यायचे, आणि तो चहा मला गोड लागायचा नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागे तीन खिळे होते आणि त्यांवर तीन गाद्या टांगलेल्या. तळहातात मावतील एवढ्या, ह्यांनी स्वतः शिवलेल्या. आत कापूस, वरून कापड. पहिलीला मांजरपाट. ओरखडे आणि उन्हानं मेलेला रंग काढायला ती रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायचं खरखरीत मलम, लावून चालवायची. तिनं उठवलेले बारीक वळ मिटवायला दुसरी, फ्लॅनेलची. तिसरीला ह्यांचा जुना, धुऊन धुऊन विरलेला बनियन, ती शेवटी नुसती फिरवायची. "मांजरपाट रंग खातो," हे सांगायचे. "ओरखडा जातो म्हणजे काय, तर आजूबाजूचा रंग त्याच्या पातळीला उतरतो. गेलेला रंग परत येत नाही. म्हणून कामापुरतंच घासायचं." गादी जमिनीवर पडली की बाद, कारण वाळूचा एक कण चिकटला तरी दारभर रेघा. एकदा केर काढताना माझ्या हातून बनियनची गादी पडली, तर हे मुकाट्यानं दुसरी शिवायला बसले. माझा परकर उसवला होता तेव्हा मात्र घरात सुई सापडत नव्हती.

कुठं जायचं असलं की मला भारी घाई. हे आत बसून माझ्या बाजूचं दार उघडायच्या आधीच मी बाहेरून हँडल ओढायचे. हातातल्या बांगड्या खळकन दारावर आपटायच्या. "अगं, थांब जरा," एवढंच आतून ऐकू यायचं.

मग एका हिवाळ्यात कारखान्यातच छातीत कळ आली आणि हे गेले. बायकांनी बांगड्या काढायला सांगितल्या, मी हात पुढे केले. भांडायचं त्राण उरलं नव्हतं, नाहीतर मी ऐकून घेणारी नव्हे.

वर्षभर गाडी झाडाखाली पडून राहिली. मला ती चालवता येत नव्हती आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. पानं कुजून टपावर डाग पडले, हिरवा रंग पांढुरका झाला. खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "वहिनी, उभ्या उभ्या सडेल ती. आमच्या ऑफिसात एक पोरगा आहे, चारकोपला राहतो, नवीन लग्न झालंय. रविवारी पाठवू बघायला?" मी हो म्हटलं. मग वाटलं, सवत असली तरी तिला तोंड धुऊन पाठवावी.

शनिवारी मी गाद्या खिळ्यांवरून काढल्या. बॉनेटवर मांजरपाट फिरवला, तसा मेलेला रंग गादीला लागला आणि खालून जुना हिरवा वर आला. हात भरून आले तरी थांबवेना. या कामात बोलावं लागत नाही, सोबत लागत नाही. मग मी तरी ह्यांना कशाला लागत होते? वर्षभर मनात दाबलेला प्रश्न तिथं बाहेर आला. या माणसाला माझ्यापेक्षा गाडी प्रिय होती का? उत्तर द्यायला आता कोणी नव्हतं. मी रडत होते आणि घासतही होते.

ह्यांच्या दाराशी आले, तर किल्लीच्या भोकाभोवती ओरखड्यांचं जाळं. ह्यांच्याच जुडग्याचे ओरखडे, कधीच न काढलेले. मला नवल वाटलं. गाडीवर एवढा जीव, आणि स्वतःच्या दाराची ही दशा?

मग डाव्या दाराशी आले. हँडलच्या खाली तळहाताएवढी जागा अगदी गुळगुळीत, एकही रेघ नाही. पण रंग इतका पातळ झालेला की आतला तांबडा प्रायमर दिसत होता. तिथं मांजरपाट पुन्हा पुन्हा फिरला होता. बाकी गाडीवर असं कुठंच नव्हतं. तिथंच का, म्हणून मी सवयीनं हँडलला हात घातला. माझं मनगट बरोबर त्या जागेवर आलं. रिकामं मनगट.

मी कंपाउंडात तशीच खाली बसले. माझ्या बांगड्यांचे ओरखडे हे दर रविवारी काढत होते. गेलेला रंग परत येत नाही हे ठाऊक असून काढत होते, आणि "बांगड्या सांभाळ" असं एकदाही म्हणाले नाहीत. मला ह्यांचा भयंकर राग आला. अहो, एकदा बोलला असतात, तर चहा घेऊन मीच खाली आले नसते का?

रविवारी चारकोपचं जोडपं आलं. पोरानं गाडीभोवती फेरी मारली आणि डाव्या दाराशी वाकला. "काकू, इथला रंग गेलाय ना. बाकी गाडी झकास आहे."

"गेलाय," मी म्हटलं.

चालवून बघायला तो आत बसला. त्यानं दार उघडायच्या आधीच त्याच्या बायकोनं बाहेरून हँडल ओढलं. हिरवा चुडा खळकन दारावर आपटला.

"अगं ए, बघ ना जरा! वाट लावशील रंगाची!" तो आतून ओरडला. ती बिचारी ओशाळली.

"तिला ओरडू नकोस रे," मी म्हटलं. "ते ओरखडे निघतात." आणि वर जाऊन तिन्ही गाद्या आणून त्याच्या हातात दिल्या.

गाडी गेली. पुढच्या रविवारी मी चहा केला आणि कप घेऊन पहिल्यांदाच खाली उतरले. बदामाखाली गाडीएवढी जागा मोकळी होती, मधोमध तेलाचा डाग. त्या डागाशी उभी राहून मी चहा प्यायले.