कॅरिबियन क्रूझ आणि सुलभाचा अंगठा

तमाम मराठी वाचक बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, हा मजकूर लिहिणारी स्त्री पूर्ण शुद्धीत असून भूत, हडळ, करणी, चकवा यांपैकी कशावरही तिचा विश्वास नव्हता, नाही आणि यापुढेही ठेवायचा तिचा विचार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी. हातात चहा असेल तर कप खाली ठेवावा.

हं. आता सांगते.

गोष्ट मस्कतची. मोबाइल आले होते, पण फोटो अजून रोलवरच काढत होतो, त्या सुमाराची. आम्ही दार्सैतला राहायचो, कृष्णमंदिराकडे जाणाऱ्या चढावरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात सुलभा आणि तिचे मिस्टर, प्रभाकरराव. सुलभा माझी जिवलग मैत्रीण... आणि जिवलग मैत्रिणीचा जितका हेवा करता येतो तितका वैऱ्याचासुद्धा करता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण देते, म्हणजे कळेल. ओमानमध्ये गाडीचं लायसन्स काढायचं तर आधी ड्रम टेस्ट. पिंपं उभी केलेली असतात, त्यांच्या मधून गाडी उलटी घ्यायची. पिंपाला धक्का लागला की खलास. सुलभा पहिल्या फटक्यात पास. मी डावीकडचं पिंप पाडलं. पुढच्या वेळी ते जपलं आणि उजवीकडचं पाडलं. त्यानंतर सुलभा मला भाजीला न्यायची, तिच्या गाडीतून, तिच्या शेजारच्या सीटवर बसवून. प्रेमानं. रोज. विचार करा.

तिची चकली फुलायची, माझी वाकडी व्हायची. तिची तुळस मस्कतच्या उन्हात कंबरेएवढी, माझी करंगळीएवढी. देवानं तिला एकाच बाबतीत कमी दिलं होतं. तिला फोटो काढता यायचा नाही. कॅमेरा तिच्या हातात गेला की लेन्सच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा आलाच. मंडळाच्या गणपतीचे सगळे फोटो बघा — गणपती, आरतीचं तबक, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक गुलाबी अर्धचंद्र. ‘सुलभाताईंचा शिक्का’ म्हणायचे सगळे. तेवढंच मला समाधान.

आणि अशात आमच्या ह्यांना क्रूझ लागली.

हे एसी विकणाऱ्या कंपनीत होते. एसी बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं खूश होऊन दोन माणसांची कॅरिबियन क्रूझ दिली ती खरं तर ह्यांच्या अर्बाबना, म्हणजे मालकांना. अर्बाब म्हणाले, “समुद्र मला घराच्या गच्चीवरून दिसतो. तू जा, बायकोला घेऊन जा.” आमच्या लग्नाचं ते पंचविसावं वर्ष. मी ब्रोशर घेतलं आणि थेट समोरच्या दाराची बेल वाजवली. सुलभाच्या डोळ्यांत, आयुष्यात एकदा, मला हेवा बघायचा होता. बाकी कॅरिबियन वगैरे नंतर.

तिनं ब्रोशर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, “छान आहे गं. पण शुभा, तुला बोट लागते ना?”

“कधी?”

“बंदर जिस्साला. आपण डॉल्फिन बघायला गेलो तेव्हा. सगळे डॉल्फिन बघत होते आणि तू पिशवी बघत होतीस.”

“ती होडी होती,” मी म्हटलं. “हे जहाज आहे. त्याच्यावर बारा मजले आहेत.”

“मग बरंय,” ती म्हणाली. पण ब्रोशर परत देताना तिनं ते क्षणभर धरून ठेवलं. मी पाहिलं ते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...

आता दिव्याचं. आमच्या सासूबाईंचा दंडक असा, की घरात कुणी असो वा नसो, तिन्हीसांजेला देवापुढे समई लागलीच पाहिजे. आम्ही कुठं गेलो की शेजारणीला किल्ली द्यायची. पण नुसती किल्ली चालत नाही. नेम दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर देवासमोर तिच्या तळहातावर तांदळाचे दाणे ठेवायचे आणि तोंडानं म्हणून द्यायचा. ही त्यांची पद्धत. निघायच्या दिवशी खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, हे “यल्ला, यल्ला, चल लवकर” करत बॅगा उतरवतायत, आणि मी घाईघाईनं सुलभाच्या हातावर तांदूळ ठेवून म्हटलं, “मी येईपर्यंत माझ्या जागी तू.”

“बरं बाई,” सुलभा म्हणाली.

एवढंच झालं.

जहाजाचं काय वर्णन करू. काचेची लिफ्ट, संगमरवरी जिना, एका माणसाचं काम फक्त कलिंगडातून हंस कोरणं. पहिल्या संध्याकाळी मी पैठणी नेसून डेकवर अशी काही चालले की समोरून येणाऱ्या एका गोऱ्या आजींनी मला वाट करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज भर समुद्रात आलं, आणि सुलभाच्या तोंडात साखर पडो... मला बोट लागली.

अशी तशी नाही. जहाजावरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्याही राहिल्या नाहीत. मी आणि केबिनमधली प्लॅस्टिकची बादली, असा आमचा संसार सुरू झाला. रोज सकाळी जहाज एखाद्या बेटाजवळ नांगर टाकायचं आणि छोट्या लाँचमधून लोकांना किनाऱ्यावर न्यायचे. हे म्हणायचे, “मी थांबतो ना तुझ्याजवळ.” मी म्हणायचे, “जा हो. निदान फोटो तरी काढून आणा, मला मस्कतमध्ये तोंड दाखवायचंय.”

पहिल्या बेटाला हे गेले. मी कशीबशी उठून केबिनच्या गोल खिडकीशी उभी राहिले, हात हलवायला. खालून लाँच निघाली. हे दिसले, त्यांची ती पांढरी टोपी. आणि त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती, पाठमोरी. आजूबाजूच्या सगळ्या बायका चड्डीत नाहीतर पोहायच्या कपड्यांत. ही एकटी गाउनमध्ये. घरात घालतो तो, बारीक फुलांचा, मरून. वर खांद्यावरून ओढणी, आपण कचरा टाकायला जिन्यापर्यंत जाताना घेतो तशी.

तो गाउन मी ओळखला. मस्कतच्या रुवी बाजारातल्या सेलमधून आम्ही दोघींनी एकाच छापाचे घेतले होते. मी मोहरी रंगाचा. सुलभानं मरून.

मी बादलीकडे परत गेले. पोटात अन्न नसलं की माणसाला काहीही दिसतं, असं स्वतःला सांगितलं.

दुपारी हे परत आले ते गुणगुणत. मी विचारलं, “कसं होतं?”

“मजा आली.”

पंचवीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. लग्नाचं जेवण असो की ताजमहाल, ह्यांचं ठरलेलं उत्तर “बरं होतं.”

“लाँचमध्ये तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”

“शेजारी? लोक होते की.” आणि टोपी काढून कपाटात ठेवायला वळले. टोपी ठेवायला इतका वेळ लागतो का?

पुढच्या बेटाला पुन्हा तेच. लाँच, पांढरी टोपी, मरून गाउन. या वेळी तिच्या हातात आमचा कॅमेरा होता. त्या दिवशी ह्यांच्या शर्टावर डाग होता. “रस्सा सांडला,” म्हणाले. मी बेसिनमध्ये शर्ट धुतला, हुंगून पाहिला. रस्सा कसला, नारळपाण्याचा वास. मला एव्हाना उलटी कशामुळे येतेय तेच कळेना — समुद्रामुळे की मत्सरामुळे. नवऱ्याला परक्या बाईबरोबर पाहिलं असतं तर मी जहाज डोक्यावर घेतलं असतं. पण “तुम्ही माझ्या दार्सैतच्या शेजारणीबरोबर कॅरिबियनमध्ये फिरताय” असं कुठल्या तोंडानं म्हणणार? मी गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच त्या प्रवासातल्या हालांची कल्पना येईल.

मस्कतला परतलो. किल्ली द्यायला सुलभा दारात आली आणि माझी बॅग हातातून सुटली. तिच्या नाकाची साल निघत होती. कपाळ तांबूस, हात कोपरापर्यंत काळवंडलेले. जानेवारी महिना होता. मस्कतमध्ये जानेवारीत लोक उन्हात मुद्दाम बसतात, तरी काही होत नाही.

“हे काय गं?”

“कुणास ठाऊक. ऍलर्जी, डॉक्टर म्हणाले. लोशन लावतेय. तुझी क्रूझ कशी झाली?”

“स्वप्नवत,” मी म्हटलं.

रुवीच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आणले. पाकीट मी फोडलं नाही. म्हटलं, सुलभासमोरच फोडायचं. सुट्टीच्या दिवशी तिला आणि प्रभाकररावांना चहाला बोलावलं, बटाटेवडे केले आणि ब्रोशर पाठ करून बसले. त्या संध्याकाळसाठी तर मी बादलीबरोबर संसार केला होता. बेटं मी पाहिली नव्हती हे फक्त ह्यांना ठाऊक, आणि ह्यांना मी आधीच ताकीद दिली होती की तोंड वडा खायलाच उघडायचं.

“तिथला समुद्र म्हणजे काय सांगू,” मी सुरुवात केली. “निळाशार. किनाऱ्यापासून थेट क्षितिजापर्यंत निळा.”

“हिरवा गं,” सुलभा चटणी घेत म्हणाली. “त्या लाकडी धक्क्यापर्यंत हिरवा. पुढे निळा.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या लक्षात आलं आणि ती लाजली.

“तुला काय माहीत?” मी विचारलं.

“अगं, काही नाही... वेड्यासारखं आहे. तुझ्याकडे समई लावायला यायचे ना, तर बंद घरात पेटता दिवा सोडून कशी जाऊ? तेल संपून समई शांत होईपर्यंत तुझ्या सोफ्यावर बसायचे. एसीत डोळा लागायचा. आणि रोज तेच स्वप्न. समुद्र, लाँच... पिवळ्या टोपीची एक बाई मासे तळायची. एकदा तर भाऊजींनी शर्टावर नारळपाणी सांडलं.” ती हसली. “ब्रोशर वाचलं होतं ना तुझं, तेच डोक्यात बसलं असणार.”

माझ्या हातातला वडा हातातच राहिला. मस्कतची तिन्हीसांज म्हणजे तिकडची सकाळ. लाँच सुटायची वेळ. हे मी तिथल्या तिथे हिशोब करून पाहिलं. नारळपाण्याचं मी कुणाला बोलले नव्हते.

प्रभाकररावांनी तोवर पाकीट फोडलं होतं. एकेक फोटो काढून टीपॉयवर मांडत होते. हे लाकडी धक्क्यावर. हे पिवळ्या टोपीच्या बाईशेजारी. हे नारळ तोंडाला लावून. मी ह्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं, आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही.

प्रभाकररावांनी चष्मा वर केला. “सुलभा,” ते म्हणाले, “हा तर तुझा शिक्का.”

प्रत्येक फोटोत. खाली, डाव्या कोपऱ्यात. गुलाबी अर्धचंद्र.

“फोटो कुणी काढले?” मी ह्यांना विचारलं.

“कुणीतरी काढले,” हे म्हणाले आणि अख्खा वडा तोंडात घातला.

तर वाचकहो, तुमच्या मनात जे आलं ते सगळं माझ्याही मनात येऊन गेलंय. अंगठे सगळ्यांचे सारखेच दिसतात. स्वप्न ब्रोशरचं. नारळपाणी समुद्रकिनारी कुणीही सांडेल. नाकाची ऍलर्जी. आणि सुलभा रोज संध्याकाळी दार्सैतलाच होती, खालच्या दुकानवाल्यानं तिला पाहिलं होतं, प्रभाकरराव तिच्या हातचं जेवले होते. पुढे सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी इतकंच विचारलं, “तांदूळ देताना ‘दिव्यापुरती’ म्हणाली होतीस ना?” तेव्हापासून किल्ली देताना मी ‘फक्त दिव्यापुरती’ असं ठणकावून म्हणते, पण म्हणून माझा अशा गोष्टींवर विश्वास बसला असं कुणी समजू नये. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. सुलभाकडेही नाही. भीतीचं म्हणाल तर भीती मला तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही. जळफळाट मात्र होतो. माझी क्रूझ, माझा नवरा, माझ्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आणि मजा तिनं केली — माझ्याच सोफ्यावर बसून, एक उलटी न होता.

राहता राहिलं एक. त्या संध्याकाळी फोटो टीपॉयवर पसरलेले, आम्ही सगळे ‘योगायोग, योगायोग’ म्हणत हसण्याच्या बेतात होतो. मी तर चहा पुन्हा गरम करायला उठलेही होते. सुलभानं नाकाची सुटलेली साल नखानं जराशी ओढली आणि “स्स” केलं. आणि आमचे हे — हे आज म्हणतात की आपण असं काही बोललोच नाही, पण आम्ही तिघांनी कानांनी ऐकलंय — तोंडातला वडा कसाबसा गिळून, कळवळून म्हणाले,

“वहिनी, मी तुम्हाला लाँचमध्येच म्हटलं होतं, माझी टोपी घाला म्हणून.”