टेकडीवरची काटकसर

ऑफिसातल्या गोष्टी कोणी मुद्दाम गोळा करत नाही. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तशा त्या आपोआप साचत जातात, आणि एखाद्या दुपारी लाइट जाऊन पंखा थांबला की दिसायला लागतात. आमचं विद्यापीठ धुळ्याबाहेर एका टेकडीवर आहे. तिथल्या दुपारी इतक्या लांबलचक, की सांगणारा सांगता सांगता पेंगतो आणि ऐकणारा उरलेली गोष्ट स्वप्नात पूर्ण करतो. तेव्हा यातलं थोडं इकडचं तिकडे झालं असेल तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका परिपत्रकाने झाली. विद्यापीठाचा खर्च कमी करायचा आहे, कर्मचाऱ्यांनी आयडिया द्याव्यात. बचत दिसली नाही तर दिवाळीनंतर स्टाफची बस बंद.

ही बस सकाळी धुळे स्टेशनवर उभी असते. चाळीसगावची गाडी आली की आम्हाला घेते, वाटेत फाट्यावर अक्कांना घेते आणि टेकडी चढते. ती गेली असती तर आम्ही कुरकुरत रिक्षाने आलो असतो. अक्कांचं तसं नव्हतं. अक्का परीक्षा विभागात शिपाई. निवृत्ती जवळ आलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांच्या फाट्यावर ना एसटी थांबत, ना रिक्षा. बस बंद झाली की अक्कांची नोकरी बंद, तीही पेन्शनच्या तोंडावर. अक्का मात्र निवांत. बसमध्ये चढायच्या, मागच्या लांब सीटवर पाय पसरायच्या आणि झोपायच्या. काळजी करायचं काम त्यांनी आमच्यावर सोपवलं होतं.

*

पहिली आयडिया माझी. जुन्या उत्तरपत्रिकांमधली पाठकोरी पानं काढायची आणि कोऱ्या बाजूला नोटिसा छापायच्या.

रसायनशास्त्राच्या पाटीलसरांकडे मीटिंगची नोटीस गेली. तिच्या मागे कुठल्याशा विद्यार्थ्याने बाष्पीभवनावर अर्धंमुर्धं उत्तर लिहून सोडलेलं. सर मीटिंगला आलेच नाहीत. संध्याकाळी नोटीस परत आली, मागे लाल पेनाने शेरा : ‘आकृती हवी होती. पाचपैकी दोन.’

मी फोन केला. “सर, मीटिंग होती आज.”

“असेल. मला वाटलं, पेपर फेरतपासणीला आलाय.” मग म्हणाले, “अडीच कर. पोरगं गरीब वाटतंय.”

*

मे महिन्यात विजेची आयडिया निघाली. प्रत्येक विभागात वेगळा कूलर कशाला? सगळ्यांनी एका हॉलमध्ये बसायचं आणि एकच मोठा कूलर लावायचा.

आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. बाहेर रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आत पडदे ओढलेले, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास. आधी आस्थापना विभागाने माना टाकल्या, मग लेखा विभागाने, मग परीक्षा विभागाने. मला तर स्वप्नात नदी दिसत होती आणि तिच्या काठावर आवक-जावकचं टेबल.

तीनच्या सुमाराला कुलसचिवसाहेब आले. दारात उभे राहून त्यांनी झोपलेलं अख्खं विद्यापीठ पाहिलं. रागावतील असं जाग्या असलेल्या एकदोघांना वाटलं. साहेबांनी फक्त बूट काढून हातात घेतले आणि आवाज न करता परत गेले.

संध्याकाळी शेरा आला : ‘विजेची बचत समाधानकारक.’

*

कोटेचाभाऊ आमचे लेखाधिकारी. पाचोऱ्याच्या कापड दुकानदाराच्या घरातले, त्यामुळे काटकसर त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. काटकसर समितीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, मीटिंगमधला चहा बंद करा.

भाऊंनी कप खाली ठेवला. “चहा राहू द्या. मीटिंग बंद करा.”

त्या वर्षातली ही एकच सूचना अशी होती, जी सर्वांना मनापासून पटली आणि म्हणूनच कोणी लिहून घेतली नाही.

*

पावसाळ्यात गवत माजलं. ते कापायचं मशीन पेट्रोल पितं म्हणून माळीकाम करणाऱ्या आबांनी शेजारच्या वाडीतल्या बकऱ्या आणल्या. पावसात भिजलेली हिरवी टेकडी, तिच्यावर हळूहळू सरकणारे पांढरे ठिपके. फायलीतून मान वर केली की डोळ्यांना बरं वाटायचं. मला त्या बकऱ्या कायमच्या राहाव्यात असं वाटत होतं.

पुढे कोपऱ्यातल्या प्लॉटवर पाहुण्यांच्या हस्ते लावलेली झाडं होती. प्रत्येक झाडाजवळ पाहुण्याच्या नावाची पाटी. एका सकाळी साहेब फिरत फिरत तिथं गेले आणि आबांना हाक मारली.

“आबा, झाडं कुठे गेली?”

“बकऱ्या बठ्ठं खाई गयात, साहेब.” आबांनी अगदी शांतपणे सांगितलं. “पाट्या मातर शेतस.”

साहेबांनी जागच्या जागी उभ्या असलेल्या सगळ्या पाट्या वाचल्या आणि म्हणाले, “पाट्यांना पाणी घालायला तर लागत नाही ना?”

*

एवढं करूनही डिझेलचा आकडा हलेना. दिवाळी झाली. तेव्हा ड्रायव्हर नानांनी सांगितलं, गाडी सगळं डिझेल चढावर पिते, ओझं कमी असेल तर कमी पिईल. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी आम्ही सगळे उतरलो. अक्का तेवढ्या मागच्या सीटवर राहिल्या. त्यांना उठवायचा प्रश्नच नव्हता.

मग रोजचंच झालं. बस रस्त्याने वर जायची आणि आम्ही कडुनिंबांमधल्या पायवाटेने. खाली पांझरा नदीवर धुकं, कपाशीचे पट्टे पांढरे झालेले. कोटेचाभाऊ काठी टेकत पुढे. वर गेल्यावर मागच्या दाराने कँटीनमध्ये शिरायचं, चहा घ्यायचा आणि सही करायला जायचं. आपण बस वाचवतोय या कल्पनेने मला चढ चढ वाटत नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सुखी होतो.

साहेबांची खिडकी नेमकी समोरच्या पोर्चवर, आणि अक्का तर झोपेतच मागच्या शेडपर्यंत जाऊन तिथं उतरायच्या. त्यांना रोज काय दिसत होतं, हे आम्हाला आदेश टाइप होऊन आला तेव्हा कळलं : ‘बस दररोज पूर्ण रिकामी येत असल्याने बंद करण्यात येत आहे.’ फक्त सही बाकी होती. संध्याकाळी आमच्यापैकी एकाचीही साहेबांकडे जायची हिंमत झाली नाही, आणि अक्कांना सांगायची तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशीही आम्ही सवयीने पायथ्याशी उतरलो, आणि इकडे सही करण्याआधी साहेब स्वतः पोर्चमध्ये येऊन उभे राहिले. पुढचं नानांनी सांगितलेलं आहे.

बस थांबली. साहेब आत चढले, रिकाम्या सीटांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “नाना, कोणासाठी चालवता हो ही गाडी? कोणीच नसतं हिच्यात.”

मागून झोपेतला आवाज आला, “मी शे ना, भाऊ.”

साहेब मागे गेले. अक्कांनी डोळे न उघडताच पाय आखडून जागा केली. साहेब बसले.

“बाकीचे कुठे आहेत, अक्का?”

“पायी यी राह्यनात. गाडीले वझं नको म्हनीसन.”

साहेबांनी काच सरकवून खाली पायवाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, “नाना, वळवा गाडी.”

पायवाट जिथं वळणावर रस्त्याला मिळते तिथं आम्ही पोचलो होतो. वरून बस खाली येताना दिसली.  गाडी लिलावाला निघाली, असंच वाटलं. पण बस आमच्यापाशी थांबली आणि दार उघडलं.

“बसा,” आतून साहेबांचा आवाज आला.

कोटेचाभाऊ दारातच अडले. “साहेब, पुढे चढ आहे. डिझेल...”

“बसा म्हटलं ना.”

आम्ही एकेक करून चढलो. मागच्या सीटवर अक्का पुन्हा गाढ झोपल्या होत्या, आणि त्यांची डब्याची पिशवी साहेबांच्या मांडीवर होती.