ढगाचं पोट

“मधला ढग जरा मळका वाटतो, नाही?” डॉक्टर शेजारच्या छपाईवाल्याला हळूच म्हणाले. “इथं पेशंट बसणार. पांढरा करून घेऊ.” मी दोन पावलं मागे, फाइल छातीशी धरून उभी होते. त्यांच्या नव्या दवाखान्यातली सबंध भिंत माझ्या डिजिटल चित्राने भरणार होती. त्याचा छापील नमुना समोर टेकवला होता... दौलताबादच्या किल्ल्यामागे मावळणारा सूर्य आणि वर ढगांची रास. यासीनचाचांना जाऊन तीन आठवडे झाले होते. “भिंतीवर चढलं की मला न्यायचं बघायला,” शेवटच्या भेटीत त्यांनी बजावलं होतं. आणि आता त्यांचाच ढग धुतला जाणार होता.

यासीनचाचा छावणी भागात, आमच्या घराखालच्या गाळ्यात कापूस पिंजून गाद्या भरायचे. मी तेव्हा वर्षभर टॅबलेटवर सूर्यास्त रंगवत होते आणि ढग काही केल्या जमत नव्हते. आईची जुनी गादी पिंजायला द्यायला गेले तेव्हा टॅबलेट हातातच होता. चाचांनी मान तिरकी करून पाहिलं. “बेटा, हे ढग हायत का साबणाचा फेस?” मी टॅबलेट छातीशी धरला. त्यांनी मूठभर कापूस उचलला आणि पश्चिमेकडच्या दारात, उतरत्या उन्हासमोर धरला. कडा पेटल्यासारख्या झाल्या. मधला भाग मात्र राखाडी, किंचित जांभळा. “मध्ये मळका दिसतोय,” मी पुटपुटले. “मळका नाय, जाड हाय. सूर्य मागं, मग पोट पांढरं कसं राहील?” त्यांनी तोच कापूस बोटांनी अलगद फाकवला, तसा विरळ जागेतून केशरी उजेड झिरपला. तो पुंजका मी त्यांच्या हातून घेतला, तो परत दिलाच नाही.

मग कित्येक संध्याकाळी मी त्या दारात बसले. पिंजताना उडणाऱ्या कापसाचे फोटो काढून टॅबलेटमध्ये त्यांचे डिजिटल ब्रश तयार केले. एकाचं नाव ‘चाचा’ ठेवलं. आधी जाडी ठरवायची, उजळ कड सगळ्यात शेवटी... हे मला कुठल्याच कोर्समध्ये मिळालं नव्हतं. माझा पहिला जमलेला ढग त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला. “याची उशी मस्त व्हईल,” म्हणाले. त्याहून मोठी शाबासकी मला अजून मिळालेली नाही.

आणि मी काय केलं? एक कॅलेंडरवाले गृहस्थ चित्र न्यायला आले, तेव्हा मी गाळ्यातच बसले होते. चाचा हातभर अंतरावर सुईत दोरा ओवत होते. “कुठं शिकलात?” गृहस्थांनी विचारलं. “ऑनलाइन,” मी म्हटलं. गादीवाल्याकडे शिकले, हे सांगायची मला लाज वाटली होती. ढग पांढरा करा म्हणाले, तर तेही मुकाट्याने केलं. ते गेल्यावर चाचा खो खो हसले. “म्हंजे मी ऑनलाइन हाय व्हय?” मी मान वर केली नाही. “ढग झाला बेटा. आता जीभ पिंज जरा.” त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही... मलाही माफी मागणं जमलं नाही.

दवाखान्याच्या पश्चिमेच्या काचेतून ऊन आत आलं होतं. मी फाइलच्या कप्प्यातून पुंजका काढला, काचेपाशी गेले आणि उन्हासमोर धरला. “सर, तो मळका नाही. जाड आहे. सूर्य मागे आहे ना.” माझा आवाज त्या रिकाम्या दालनात केवढा तरी मोठा वाटला. डॉक्टर जवळ आले. पुंजका स्वतःच्या हातात घेतला, फिरवून पाहिला, मग चित्र पाहिलं, पुन्हा पुंजका. “असाच राहू द्या,” ते छपाईवाल्याला म्हणाले. “काहीही बदलू नका.” मग माझ्याकडे वळून, “कुठं शिकलीस गं हे?”

“छावणीत,” मी म्हटलं. “यासीनचाचांच्या गादीच्या दुकानात.”