प्रीतीचे चार महिने

भावना रंगारी आणि प्रीती वासनिक काटोलहून एकाच बसने नागपूरला आल्या, एकाच कॉलेजात नर्सिंग शिकल्या आणि रामदासपेठेतल्या एकाच खासगी दवाखान्यात लागल्या. पुढे भावनाच्या कंबरेनं दगा दिला, तेव्हा वॉर्डातून काढून तिला खाली कर्मचारी विभागात टेबलाशी बसवलं. त्याआधी परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा तिनं दोनदा दिली होती. बोलण्यात पास, लिहिण्यात दोन्ही वेळा नापास. प्रीती पहिल्याच खेपेला पास झाली. त्या दिवशी भावनानं तिला पेढा भरवला आणि घरी येऊन न जेवताच पडून राहिली.

प्रीतीला इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली. पण तिकडचे लोक नुसत्या मुलाखतीवर कुणाला कामावर घेत नाहीत. पोलिसांचा दाखला हवा, डिग्रीची खातरजमा हवी, आणि मागच्या तीन वर्षांत बाई कुठे होती, काय करत होती, ते महिन्यागणिक कळायला हवं. ही तपासणी करणाऱ्या कंपनीचा मेल भावनाकडेच आला. नोकरी कधीपासून, काही कारवाई झाली का, मधे खंड पडला का?

खंड पडला होता. दीड वर्षामागे प्रीतीच्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा तिनं चार महिने बिनपगारी रजा घेतली होती. मंजूर झालेला अर्ज भावनानं स्वतःच्या हातानं फाइलला लावला होता. फाइल समोर उघडी होती. तिनं लिहिलं, खंड आहे, चार महिने. कारणाचा रकाना कोरा सोडला. एक अक्षर खोटं नव्हतं. मेल पाठवून तिनं चहा मागवला, आणि बऱ्याच दिवसांनी तो तिला गोड लागला.

आठ दिवसांत प्रीतीची रुजू होण्याची तारीख रद्द झाली. दुपारच्या सुट्टीत ती वॉर्डातून तशीच खाली आली.

"त्यायले वाटून राहिलं का मी चार महिने दुसरीकडे नोकरी केली अन् लपवलं. माह्या रजेचा कागद पाह्य ना वं."

भावना शोधते म्हणाली. कपाट तिच्या पाठीशीच होतं. प्रीती कंपनीचं पत्र वाचून दाखवू लागली. इतकी घाबरलेली असूनही तिच्या तोंडून इंग्रजी कसं सफाईनं निघतं, हेच भावना ऐकत राहिली, आणि तिचं मन आणखी आंबलं. जाता जाता प्रीती म्हणाली, "फॉर्मात तुह्यंच नाव टाकलं होतं मी. म्हटलं, भावना बरोबर लिहीन."

ते वाक्य दोन दिवस भावनाच्या डोक्यातून गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं रजेचा तो मंजूर अर्ज कंपनीला पाठवला. सोबत इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या, शब्द अन् शब्द तपासून: पहिलं उत्तर अपुरं होतं. कागद माझ्यासमोर होता. चूक माझी आहे.

या कबुलीबद्दल तिला मेमो मिळाला आणि तपासणीच्या पत्रांना उत्तरं द्यायचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. प्रीतीला रुजू होण्याची नवी तारीख मिळाली. कंपनीनं त्या तीन ओळींची प्रत प्रीतीलाही पाठवली होती. दवाखान्यातल्या आपल्या शेवटच्या दिवशी नोकरी सोडण्याच्या कागदावर सह्या घ्यायला प्रीती टेबलाशी आली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं.

"काहून केलं वं?"

"मले जायचं होतं," भावना म्हणाली. "अजूनही वाटते."

प्रीतीनं सही झालेला कागद उचलला आणि ती गेली.

ती दोन महिने उशिरा रुजू झाली. पहिल्या दिवशी तिथे पुन्हा पासपोर्ट पाहिला, कामाची परवानगी पाहिली, मगच वॉर्डात सोडलं, असं तिनं जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं. सोबत निळ्या गणवेशातला फोटो होता. भावनानं तो बोटांनी मोठा करून पाहिला. प्रीती जरा जाड दिसत होती. ते पाहून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. मग तिनं वेगळ्यानं प्रीतीला अभिनंदन असं लिहून पाठवलं. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर काही आलं नाही.