हा फोटो माझा नाही

“ताई, दार लावून घेता का जरा?”

माझ्या ऑफिसला दार आहे, पण ते दिवसभर उघडंच असतं. आदिलाबादच्या बसस्टँडजवळ तिकीट-व्हिसाचं काम करणाऱ्या बाईनं दार लावलं की गिऱ्हाईक सरळ पुढच्या दुकानात जातं. तरी मी उठून दार लावलं. समोर बसलेल्या नितीनभाऊंच्या कपाळावर घाम होता, आणि एसी तर चालू होता.

नितीनभाऊंचं आणि बाकी सगळ्यांचं नाव मी बदललं आहे. त्यांचं जवळच्या बेला गावात बियाणं-खताचं दुकान. वय पस्तिशीच्या आसपास. इस्तंबूलचं तिकीट आणि व्हिसा करून द्या म्हणून आले होते. कशाला जाता विचारलं तर म्हणाले, “फिरायले.” एकटेच, आठवडाभर, आणि हॉटेल एका क्लिनिकनं बुक केलेलं. असं बुकिंग घेऊन येणारे मी आधीही पाठवले आहेत. त्यातला कोणी फिरायला जात नसतो.

“हेअर ट्रान्सप्लांट ना?” मी सरळ विचारलं.

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. दाट, काळेभोर, व्यवस्थित भांग पाडलेले केस. याला आणखी कुठे लावायचे आहेत, हे मला कळेना. तेव्हाच त्यांनी दार लावायला सांगितलं.

दार लागल्यावर त्यांनी कानामागून अंगठा घातला आणि केस अलगद उचलून टेबलावर ठेवले. माझ्या कॅलेंडरशेजारी.

“विग?”

“विग नाई ताई. पॅच म्हनतात त्याले. गमनं चिकटवा लागते.”

हे मला नवीन होतं. पॅच दर काही आठवड्यांनी काढून, धुऊन परत चिकटवावा लागतो. त्यासाठी ते नागपूरला जायचे आणि गावात सांगायचे की माल आणायला चाललो. हैदराबादची नोकरी सोडून गावी आल्यापासून असं चार-पाच वर्षं चाललं होतं. आता लग्न ठरलं होतं. मुलगी पांढरकवड्याची, स्वाती नाव, तिथेच लॅबमध्ये टेक्निशियन. लग्न उन्हाळ्यात. उन्हाळ्यात आमच्याकडे गम टिकत नाही.

“पण मग हैदराबादला करा की,” मी म्हटलं. “इतक्या लांब कशाला?”

“हैदराबादच्या दवाखान्यात आदिलाबादचं कोनीतरी बसलेलंच रायते. नागपूरले सारे सोयरे. इस्तंबूलले मले कोन वळखते?”

“लावलेले केस आधी गळतात, हे माहीत आहे ना? धड उगवायला बरेच महिने जातात. लग्नात डोकं असंच दिसेल.”

“लग्नात फेटा असते.”

“आणि फेटा काढल्यावर?”

त्यांनी पॅच उचलून परत डोक्यावर बसवला. पुढचं विचारणं माझा प्रांत नव्हता. मी त्यांचा पासपोर्ट उघडला.

आणि अडलं. पासपोर्ट संपायला थोडेच महिने राहिले होते. बहुतेक देश म्हणतात की तुम्ही पोचाल तेव्हा पासपोर्टमध्ये किमान सहा महिने शिल्लक हवेत. म्हणजे आधी रीइश्यू, म्हणजेच नवा पासपोर्ट. शिवाय जुना पत्ता हैदराबादचा, ते नोकरीला होते तेव्हाचा. पत्ता बदलला की पोलीस व्हेरिफिकेशन आलंच. माणूस खरंच त्या पत्त्यावर राहतो का, हे पाहायला पोलीस घरी येतो.

आता प्रश्न फोटोचा. पासपोर्ट केंद्रात फोटो तिथेच काढतात, घरून नेलेला चालत नाही. पॅच लावून काढायचा की काढून?

मी धंद्याच्या हिशोबानं बोलले. “ऑपरेशन झाल्यावर तुमचं डोकं भादरलेलं असेल, कपाळ सुजलेलं, डोळे बारीक झालेले. तसे तुम्ही विमानतळावर उभे राहणार, आणि पासपोर्टात हा केसाळ माणूस. अधिकारी चेहरा पाहतो, केस नाही, हे खरं. पण तो अर्धा तास पाहत बसला तर विमान तुमच्यासाठी थांबत नाही. जसे परत येणार तसाच फोटो काढा.”

त्यांना पटलं. केंद्रात ते टोपी घालून गेले, आधी बाथरूममध्ये शिरले, पॅच काढला, टोपी काढली, फोटो दिला, दहाही बोटांचे ठसे दिले आणि पुन्हा केसांसकट बाहेर आले. अर्जावर मोबाईल नंबर मात्र माझा द्यायला लावला. दुकानात गिऱ्हाइकांसमोर पासपोर्टचा फोन नको म्हणून. मी सांगितलं, पोलिसाचा फोन आला की तुम्हाला कळवते, मग तुम्ही त्याला घरी एकटे भेटा.

नको त्या दिवशीच पोलिसाचा फोन आला. मी बँकेत होते, फोन पर्समध्ये, आवाज बंद. कॉन्स्टेबल बिचारा दोनदा फोन करून शेवटी स्वतःच बेल्याला पोचला.

पुढचं मला नितीनभाऊंनी नंतर सांगितलं. कापसाचे दिवस. दुकानात फवारणीचं औषध घ्यायला माणसं उभी. आतल्या खुर्चीवर स्वातीचा भाऊ चहा पीत बसलेला, लग्नाचा हॉल पाहून झाला हे सांगायला आलेला. कॉन्स्टेबल टॅब घेऊन आत आला. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलणारा.

“नितीन ढवस कौन?”

“मी. मैं.”

कॉन्स्टेबलनं टॅबवर पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा टॅबवर पाहिलं. मग टॅब वळवून सगळ्यांना दिसेल असा समोर धरला.

“ये तुम है?”

पडद्यावर कानापासून कानापर्यंत चकचकीत टक्कल. होणारा मेव्हणा चहा ठेवून पुढे झुकला.

“नही,” नितीनभाऊ म्हणाले. “ये मेरा फोटो नही.”

एवढं बोलायला किती वेळ लागला असेल? पण त्या एका वाक्यानं साधं व्हेरिफिकेशन फसवणुकीचं प्रकरण झालं. नाव यांचं, पत्ता यांचा, आधार यांचं, आणि चेहरा भलत्याचाच. कॉन्स्टेबल मनापासून हादरला. म्हणाला, तुमच्या नावावर दुसराच कोणी पासपोर्ट काढतोय, सांभाळून राहा. मेव्हणा म्हणाला, हे तर फार भयंकर आहे दाजी, तुमच्या खात्यातून पैसे गेले नाहीत ना ते पाहा आधी.

इकडे बँकेतून बाहेर येऊन मी फोन पाहत होते, तेवढ्यात कॉन्स्टेबलचाच पुन्हा आला.

“मॅडम, ये नंबर आपका? वो अप्लिकेशनवाला बट्टतला आदमी कौन है?”

बट्टतला म्हणजे तेलुगूत टकला. नितीनभाऊंनी फोटो नाकारल्याचं त्यानंच सांगितलं. गिऱ्हाइकाचं गुपित सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही, आणि खोट्या माणसाचा अर्ज भरणारी एजंट म्हणून ठाण्यात बसणं तर मुळीच बसत नाही. मी म्हटलं, “सर, रिपोर्ट आज पाठवू नका. उद्या सकाळी बेल्याला या. अर्जदार मी समोर उभा करते.”

“असली वाला?”

“असली वाला.”

नितीनभाऊंना फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला, तोही बहुतेक गोदामातून, कारण आवाज घुमत होता.

“ताई, अर्ज वापस घ्या. मले कुठंच नाई जायचं.”

“आता तसं होत नाही. रिपोर्ट वाईट गेला तर खुलासा मागतील.”

“रिपोर्टचं जाऊ द्या. किसनकाका उद्या सकाळी ठाण्यात चालले.”

किसनकाका म्हणजे त्यांच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात काकांचा शब्द शेवटचा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की नितीनच्या नावानं कोणी टकल्या फिरून राह्यला आहे. काकांनी ठरवलं होतं, पुतण्याच्या नावाला हात लावणाऱ्यावर तक्रार करायची. सोबत गाडीभर माणसं जाणार होती. दोघांना तर असा माणूस बाजारात दिसलाही होता.

“नितीनभाऊ,” मी म्हटलं, “केंद्रात दहा बोटांचे ठसे दिलेत, आठवतं? तक्रार झाली की पोलीस त्या टकल्याला शोधणार, आणि ठसे तुमचे निघणार. फोटो नाकारता येतो. बोटं कशी नाकाराल?”

“म्हनजे माह्यावर माह्याच नावानं केस?”

“तसंच.”

“आन् स्वाती?”

“तिला आजच सांगा. तिच्या भावानं सांगायच्या आधी.”

सकाळी पहिली बस पकडून मी गेले. माझं तिथे काम नव्हतं, पण अर्जावर नंबर माझा होता, आणि तो फोटो काढायला मीच सांगितलं होतं. दुकानासमोर जीप उभी होती. किसनकाका पांढरे स्वच्छ कपडे घालून तयार. आजूबाजूला वीसेक माणसं. तेवढ्यात कॉन्स्टेबलची मोटरसायकलही आली.

काका मला म्हणाले, “तुमीच का त्या पासपोर्टवाल्या बाई? काऊन हो, मानसाचं तोंड न पाह्यता अर्ज भरता का तुमी?”

“तोंड पाहिलं आहे काका. तो आतच आहे. येतोय बाहेर.”

माणसांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. एकानं चप्पल नीट घातली, कदाचित पळणाऱ्याला धरावं लागेल म्हणून.

दुकानाच्या आतलं दार उघडलं आणि नितीनभाऊ बाहेर आले. पॅच नाही, टोपी नाही. सकाळचं ऊन थेट डोक्यावर पडलं. ते कोणाकडे न बघता काउंटरला धरून उभे राहिले. आदल्या दिवसापासून दाढीही केलेली नव्हती. मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. मीही नजर खाली घेतली.

कोणी हसलं नाही. किसनकाका दोन पावलं पुढे गेले, थांबले आणि हळूच म्हणाले, “वसंता?”

वसंतराव म्हणजे नितीनभाऊंचे वडील.

मग काकांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले आणि त्याच दमात ओरडले, “अबे, बापाचं टक्कल मी पाह्यलं. आज्याचं पाह्यलं. माह्यं तुमी रोज पाहून राह्यले. आमच्या घरान्यात याच्याच डोक्यावर केसं कुठून आले, हे मले पाच वर्सं समजलं नाई! आमी म्हनलं, पोरानं कोनतं तेल लावलं असन, सांगन कवातरी.”

आता मात्र सगळे हसले. नितीनभाऊही हसले, जरा उशिरा. कॉन्स्टेबलला यातलं किती कळलं माहीत नाही, पण त्यानं टॅब त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला, समाधानानं मान हलवली आणि म्हणाला, ओळखणारे दोन साक्षीदार पाहिजेत. काल ज्यांना हा माणूस कुठे दिसलाच नव्हता, ते सगळे एकदम पुढे आले. शेवटी काकांनी सही केली आणि दुसरी सही शेजारच्या किराणावाल्यानं. तक्रारीसाठी आणलेली जीप मग मला आदिलाबादला सोडायला आली.

स्वातीचं काय झालं हे मला आठवडाभरानं समजलं. दोघं मिळून ऑफिसला आली. नितीनभाऊ उघड्या डोक्यानं आणि ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. मी न राहवून विचारलं, “तुला धक्का बसला असेल ना?”

“मले पाह्याच्या दिवशीच समजलं होतं ताई,” ती म्हणाली. “आमच्या घरी पंखा फुल्ल होता. माह्या बाबाचे केसं उडून राह्यले, मामाचे उडून राह्यले. यायचा एक केस हालला नाई.”

“मग बोलली का नाहीस?”

“मले वाटलं, सांगतीन. मी थांबली. तीन महिने थांबली. अन् यायनं त्या राती फोन केला तवा समजलं, हे मले न सांगता इस्तंबूलले निघाले. टकलाचा राग नाई मले. राग त्याचा आला.”

हे ती माझ्याशी बोलत होती, पण बघत त्यांच्याकडे होती. नितीनभाऊ माझ्या टेबलावरच्या स्टेपलरची उघडझाप करत होते. मी त्यांना थांबवलं नाही.

नवा पासपोर्ट वेळेत आला, पण इस्तंबूलला ते गेले नाहीत. लग्न मे महिन्यात झालं. मी गेले होते. फेटा सगळ्या विधींना होता, जेवणाच्या पंगतीला त्यांनी तो काढून ठेवला. क्लिनिकचे फोन बरेच दिवस येत होते, कारण तिथेही नंबर माझाच दिलेला होता. त्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला मी दर वेळी सांगायचे, सर लग्नात बिझी आहेत. पुढे ती दोघं व्हिएतनामला गेली, तेही तिकीट माझ्याकडूनच. इमिग्रेशनच्या काउंटरवर एका नजरेत सोडलं म्हणे. केस त्यांनी अजून लावलेले नाहीत. लावणारच नाहीत असंही ते म्हणत नाहीत.

मी यातून एक शिकले. आता कोणी दबक्या आवाजात परदेशातल्या क्लिनिकचं विचारलं की मी तारखा आणि देश नंतर विचारते. आधी विचारते, “घरी माहीत आहे का?” पासपोर्ट ही गुपचूप काढायची वस्तू नाही. सरकार तुमच्या दारात माणूस पाठवतं आणि चारचौघांना तुमचा खरा फोटो दाखवून विचारतं, याला ओळखता का? तो प्रश्न ज्याला परवडत नाही, त्याला मी इथलंच एखादं क्लिनिक सुचवते. त्यात माझं कमिशन जातं, पण पोलिसाचा फोन येत नाही.