गोठ्यातली जागा

आमच्या गल्लीत शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक काका आहेत. ते इतकं हळू बोलतात की आपलाही आवाज नकळत उतरतो. दर नाताळला ते ओसरीवर कडब्याचा गोठा उभारतात आणि चर्चच्या देखावा स्पर्धेत दरवर्षी दुसरे येतात. गोठ्यात जन्मलेल्याच्या नावानं बक्षिसं वाटायची, याची मला गंमत वाटते. काकांना मात्र एकदा तरी पहिलं यायचं होतं.

यंदा परीक्षक यायच्या दुपारीच गल्लीतली कुत्री त्या गोठ्यात व्याली. मी काठी आणली.

“ऱ्हाऊ द्या की,” काका म्हणाले. “मरियेला तरी कुटं जागा मिळाली हुती?”

त्यांनी मेंढपाळ, योसेफ, मरिया यांच्या मूर्ती एकेक करून उचलल्या आणि खिडकीत ठेवल्या. बाळ येशूला शर्टाच्या खिशात घातलं.

परीक्षक बाई आल्या, वही उघडली. “काका, देखावा कुठाय?”

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला, बाई. आत्ताच झोपलीत.”

कडब्यावर पिवळं ऊन पसरलं होतं. बाई वही मिटून उकिडव्या बसल्या. मीही बसलो. काकांच्या खिशातून इवलंसं डोकं आमच्याकडे बघत होतं.

पहिला नंबर कुणाला मिळाला, हे विचारायचं काका विसरले. मीही.